दुबईची संध्याकाळची डेझर्ट सफारी: सासूबाईंना न्यावं का?

कोथरूडची_सून
मंडळी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुबईला चाललोय. आम्ही दोघं, लेक (वय साडेपाच, अंगात वारं) आणि सासूबाई (वय ७२, दोन्ही गुडघे बदललेले, डावा अजून कुरकुरतो). दीर तिथेच नोकरीला आहेत, त्यामुळे राहण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो डेझर्ट सफारीचा.

दीर म्हणतात, दुबईला येऊन सफारी न करणं म्हणजे पंढरपूरला जाऊन बाहेरून कळस बघून परत येणं. नवऱ्याने यूट्यूबवर पाच व्हिडिओ बघितले आणि जाहीर केलं की पाचही एकच आहेत: तोच उंट, तोच तंबू, तीच बाई नाचते. सासूबाई काहीच बोलत नाहीत. म्हणजे त्यांना जायचंय.

गाडी वाळूवर उड्या मारते तेव्हा गुडघ्यांचं काय? शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहतो का? आणि मुख्य म्हणजे वाळवंट खरंच दिसतं, की नुसती जत्रा असते?

उंटावरचा_शहाणा
माझ्या आयडीला अनुसरून सल्ला देणं मला भागच आहे. जा.

चहाबाज
शहाणे, खाली उतरून बोला.

मुक्काम_पोस्ट
नवऱ्याशी सहमत. आम्ही गेलो होतो. दुपारी तीनला गाडी आली, मग ती अजून तीन हॉटेलांवरून माणसं गोळा करत फिरली. तासाभराने एका पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानांपाशी थांबवलं. एकाने न विचारता माझ्या डोक्याला फडकं गुंडाळलं, "शेख बन गये" म्हणाला आणि पैसे मागितले. पुढे क्वाड बाइकचे वेगळे, ससाण्यासोबतच्या फोटोचे वेगळे. सूर्यास्ताला एका टेकाडावर सोडलं, तिथे आमच्यासारखीच दोन-तीनशे माणसं मोबाइल उंच धरून उभी. मला सूर्य दिसला तो समोरच्याच्या सेल्फी स्टिकच्या बेचक्यातून. तंबूत जेवणाच्या रांगेत पाऊण तास. वाळवंट दिसलं का? दिसलं, खिडकीतून.

करामा_ते_कुर्ला
चौदा वर्षं दुबईत काढली. पाहुणे आले की सफारी ठरलेली, त्यामुळे पंचवीसेक वेळा तरी गेलो असेन. शेवटीशेवटी पाहुण्यांना गाडीत बसवून घरी झोपायचो.

आधी वेळेचं गणित. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. गाडी अडीच-तीनला न्यायला येते आणि परत सोडायला रात्रीचे नऊ-साडेनऊ होतात. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे, हे विसरू नका. पहिल्याच दिवशी सफारी ठेवलीत तर परत येताना तुमच्या सासूबाईंच्या अंगातल्या घड्याळात अकरा वाजलेले असतील. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा.

दुसरं म्हणजे शाल. आपल्याला वाटतं वाळवंट म्हणजे उकाडा. डिसेंबरात सूर्य बुडाला की अर्ध्या तासात वाळू गार पडते आणि वारा सुटला तर दात वाजतात. माझे सासरे शर्टावर गेले आणि तंबूतली गादी पांघरून बसले. फोटो आहे.

तिसरं, जागा. बहुतेक स्वस्त सफाऱ्या हत्ता रस्त्यावरच्या लहबाबला जातात, शहरापासून पाऊण तास. तिथली वाळू तांबडी, वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पापुद्रा असतो म्हणून. संध्याकाळचं उतरतं ऊन पडलं की ती पेटल्यासारखी दिसते, फोटोत येते त्याहून जास्त. त्यामुळे जागेला नावं ठेवायचं कारण नाही. गर्दीला ठेवा.

शाकाहाराची चिंता नको. निम्मं गिऱ्हाईक आपलंच असतं. डाळ, भात, पनीर, सॅलड, हुमुस मिळतंच. जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळी सांगायचं. फक्त शाकाहारी शेगडी वेगळी असते का, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांनी विचारून घ्यावं.

ताई_माई_अक्का
"गादी पांघरून" हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

आमचा ग्रुप टूर होता, चाळीस जण, सरासरी वय साठ. टूरवाल्याने दुपारी बारा वाजता बुफे खाऊ घातला. श्रीखंड होतं. पुढचं मी सांगत नाही. सहा गाड्यांपैकी चार गाड्या वाटेत थांबल्या. आमच्या चालकाने निर्विकार चेहऱ्याने दाराच्या खणातून पिशव्यांची गड्डी काढली, कंडक्टरने तिकिटं फाडावीत तशा एकेक फाडून मागे दिल्या.

तर: दुपारी हलकं खा, आवळा सुपारी जवळ ठेवा, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा.

चहाबाज
श्रीखंड :( इतक्या चांगल्या पदार्थाची ही गत.

वाळूचं_घड्याळ
मी तीन वर्षं तिथल्या एका सफारी कंपनीत बुकिंगला होतो (नाव विचारू नये). गुडघ्यांबद्दल थोडं लांबण लावतो.

वाळूवर चढण्याआधी चालक खाली उतरून चारही चाकांची हवा सोडतो. डांबरी रस्त्यावर पस्तीस पीएसआयच्या (टायरमधल्या दाबाचं माप) आसपास असलेली हवा पंधराच्या आसपास आणतात. टायर चपटा झाला की वाळूवर टेकणारा भाग वाढतो, वजन पसरतं, गाडी रुतत नाही. तुमच्या लेकाला हे बघायला उतरवा. चारही चाकं एकदम सुस्कारा सोडतात, पोरांना तो आवाज फार आवडतो. परतताना पंपाने पुन्हा हवा भरतात.

आता टेकड्या. प्रत्येक टेकडीला दोन अंगं असतात. वारा येतो त्या बाजूचा उतार लांब, सावकाश आणि दाबलेला. पलीकडे वाळू ओघळून साठते, तो उतार ३२-३४ अंशांचा. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही, मुठीतून सोडून बघा. चालक सावकाश अंगाने वेगात चढतो आणि धारेवर पोचतो तेव्हा पलीकडे काय आहे हे त्यालाही दिसत नसतं. म्हणून गाड्या माळेने जातात, पुढचा उतरला की मागचा चढतो. धारेवर वेग कमी पडला तर गाडी पोटावर बसते आणि चारही चाकं हवेत फिरतात. मग फावडं आणि दोरखंड.

यात माणसाला खालून दणका बसतो. पाठ, मान, मणका यांचं दुखणं असेल किंवा गर्भवती असेल तर कुठलीही बरी कंपनी नकोच म्हणते. बदललेल्या गुडघ्यांना उड्यांपेक्षा उंच गाडीत चढणं-उतरणं आणि मऊ वाळूत चालणं जड जातं. वाळूत पाऊल फिरतं.

पण हे लोकांना माहीतच नसतं: बुकिंग करताना "उड्या नकोत" असं सांगता येतं. मग गाडी कच्च्या वाटेने सरळ तंबूपाशी नेतात. फक्त शेअर गाडीत हे चालत नाही, कारण बाकीच्या चौघांनी उड्यांचेच पैसे मोजलेले असतात. तुम्ही पाच जण आहात, अख्खी गाडी करा. पाच माणसांच्या शेअर भाड्याशी तुलना केली तर वरचे पैसे फार नसतात, आणि चालक तुमचं ऐकतो. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, सगळं. मुक्काम_पोस्ट यांचा सगळा वैताग शेअर गाडीचा आहे.

मुक्काम_पोस्ट
फडकं गुंडाळणारा अख्ख्या गाडीलाही गुंडाळतो हो.

वाळूचं_घड्याळ
अख्खी गाडी असेल तर "थांबू नका" म्हणता येतं.

निवृत्त_नाना
एवढा खर्च करून परदेशात वाळू बघायला जायची हौस कळत नाही. जैसलमेरपासून चाळीस किलोमीटरवर सम आहे. उंट आहेत, मांगणियार गातात, भाषा कळते, व्हिसा लागत नाही.

उंटावरचा_शहाणा
नाना, त्या दुबईला वाळू बघायला चालल्या नाहीत, दिराकडे चालल्यात. वाळू वाटेत लागते.

करामा_ते_कुर्ला
नानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तिथलं गाणं तिथल्या मातीतलं आहे. दुबईच्या तंबूत जो बेली डान्स दाखवतात तो इथला नाहीच, इजिप्तकडचा. रंगीत घागरा घालून गिरक्या घेणारा तनूराही तिकडचाच. कोकणात पाहुणे आले म्हणून दशावताराऐवजी भांगडा दाखवावा, तसलं आहे ते. इथला म्हणजे अय्याला: पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर, हातात बांबूच्या बारीक काठ्या, मधे ढोल. २०१४ साली ओमान आणि अमिरातीच्या नावाने युनेस्कोच्या यादीत गेला तो. लग्नात, राष्ट्रीय दिनाला बघायला मिळतो. २ डिसेंबरला राष्ट्रीय दिन असतो, पण तुम्ही त्यानंतर पोचणार.

खराखुरा इथला म्हणावा असा प्रकार तंबूत एकच, गावा. म्हणजे त्यांची कॉफी. वेलची घातलेली, पिवळसर, बिनसाखरेची, चिमुकल्या बिनदांड्याच्या कपात. सोबत खजूर. कप रिकामा केला की वाढणारा पुन्हा भरतो. नको असेल तर कप मनगटातून दोन-तीनदा हलवून परत द्यायचा. तोंडाने "नको नको" म्हटलंत तर त्याला वाटतं तुम्ही भिडेखातर म्हणताय.

चहाबाज
म्हणजे आपल्याकडे पानात आडवा हात घालतात तसं.

ताई_माई_अक्का
तरी वाढतात.

आणि एक सांगू का, जत्रा जत्रा म्हणून नाकं का मुरडताय? माझी आई (तेव्हा ६८) आयुष्यभर स्वयंपाकघर आणि शाळा यापलीकडे गेली नाही. त्या तनूरावाल्याच्या घागऱ्यात दिवे लागले तेव्हा ती उठून टाळ्या वाजवायला लागली. तो नाच कैरोचा की कोल्हापूरचा, तिला काय करायचंय? हातावर मेंदी काढून घेतली, उंटावर बसली, तांबूस वाळूत पाय पसरून पाणीपुरी खाल्ल्यासारखी लुकैमात खाल्ली. (पिठाचे तळलेले गोळे, वरून खजुराचा पाक. गुलाबजामाचे चुलतभाऊ.) परत येताना म्हणाली, पुढच्या वर्षी मावशीला आणू. शुद्ध वाळवंटाची अनुभूती वगैरे तरुणांनी घ्यावी.

मुक्काम_पोस्ट
आईंचा मुद्दा मान्य. माझा आक्षेप तीनशे माणसांवर होता, तनूरावर नाही.

पानफूल
मधला मार्ग: दुबई डेझर्ट कन्झर्वेशन रिझर्व्ह. २२५ चौरस किलोमीटर, दुबईच्या एकूण जमिनीच्या पाच टक्क्यांच्या आसपास, कुंपण घातलेलं. आत मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे. महाग आहे. पण तिथे अरबी ओरिक्स (हरणासारखा प्राणी) दिसतो: पांढराशुभ्र, पायात काळे मोजे घातल्यासारखा, तलवारीसारखी दोन सरळ शिंगं. १९७२ पर्यंत रानातला शेवटचा ओरिक्स मारला गेला होता, उरले होते ते फक्त प्राणिसंग्रहालयांत आणि खासगी कळपांत. तिथून वाढवून १९८२ मध्ये ओमानात पुन्हा मोकळे सोडले.

आम्ही गेलो तेव्हा एक ओरिक्स दीडशे पावलांवर उभा होता आणि गाडीकडे ढुंकूनही बघत नव्हता. माझी मुलगी म्हणाली, आजोबांसारखा आहे.

तिथे बहुतेक फेऱ्या सावकाश असतात, उड्या नाहीत. गुडघ्यांनाही बरं.

निवृत्त_नाना
आजोबांवर घसरायचं कारण नव्हतं.

उंटावरचा_शहाणा
नाना, दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या. :)

उंटावर बसणाऱ्यांसाठी एक खरा सल्ला, यात विनोद नाही. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे तुम्ही तोंडघशी पुढे जाता. बसताना पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळा मागे रेला आणि खोगिराची कडी घट्ट धरा. मोबाइल हातात धरू नका. माझा मोबाइल उंटाच्या पायाखाली गेला आणि उंट माझ्याकडे असा बघत होता की चूक माझीच.

चहाबाज
म्हणजे आयडीमागे इतिहास आहे.

वाळूचं_घड्याळ
बदललेले गुडघे असतील तर उंट नकोच. त्या दोन झटक्यांत सगळा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो.

कोथरूडची_सून
सगळ्यांचे आभार! अख्खी गाडी ठरली. रिझर्व्हचा भाव ऐकून नवरा गप्प झाला, त्यामुळे लहबाबच. दिरांनी कंपनीला सांगून ठेवलंय: निम्मी वाट उड्या, निम्मी नाही. कसं ते आल्यावर सांगते. शाल घेतलीय, आवळा सुपारी घेतलीय, श्रीखंड वर्ज्य.

.

कोथरूडची_सून
परत आलो. धागा वर काढतेय, कारण वृत्तांत देणं लागते.

चालक मुलतानकडचा, पन्नाशीचा, मितभाषी. सासूबाईंना पाहिल्याबरोबर मागून एक प्लास्टिकचं स्टूल काढून दारापाशी ठेवलं. गाडीत स्टूल कायमचंच असतं म्हणाला, "हर गाड़ी में एक अम्माजी होती है." फडकंवाल्यापाशी थांबलो नाही (मुक्काम_पोस्ट, तुमची आठवण काढली). वाळूच्या सुरुवातीला हवा सोडली. लेकाने चारही चाकांपाशी जाऊन कान लावला.

मग वाटणी झाली. दीर, नवरा आणि लेक कंपनीच्या दुसऱ्या गाडीत उड्या मारायला गेले. मी आणि सासूबाई कच्च्या वाटेने. चालकाने विचारलं, तंबूत लवकर जाऊन बसायचंय की कुठे थांबू? मी म्हटलं थांबा, पण जिथे तीनशे माणसं नसतील तिथे.

दहा मिनिटं आत नेलं. एका सखल जागी वाळूतून एक झाड वर आलेलं, फांद्या खाली लोंबलेल्या, खालच्या सगळ्या फांद्या एका रेषेत कापल्यासारख्या. उंट मान वर करून जेवढं पोचेल तेवढं खातात, म्हणून ती रेषा. स्टूल उतरवलं, सासूबाई बसल्या. चप्पल काढली आणि पाय वाळूवर ठेवले. वरचा थर कोमट होता, बोटं आत गेली की गार. मूठभर उचलून म्हणाल्या, चाळलेली रांगोळी आहे गं ही. बसल्या जागी बोटाने चिमटीतून सोडायला लागल्या, पण रंग एकच, उमटणार कशी. मग बोटाने रेघा ओढून गोपद्म काढलं.

चालक बाजूला चटई पसरून नमाजाला उभा राहिला. सूर्य टेकडीच्या धारेला लागला होता. आवाज नाही. म्हणजे पाच-सात मिनिटं नाही, मग लांबून तंबूचा जनरेटर सुरू झाला.

सासूबाई उठल्या आणि झाडापाशी गेल्या. पानं हातात घेऊन, चष्मा वर करून बघितलं. काटा बघितला. म्हणाल्या, "ही शमी आहे." मी म्हटलं आई, दुबईत शमी कुठली. म्हणाल्या, पन्नास वर्षं गणपतीला वाहतेय, मला ओळखू येत नाही होय? चालकाला विचारलं. तो म्हणाला इथे घाफ म्हणतात, "हमारे यहाँ जंड." माझा अजून विश्वास बसत नव्हता. पानफूल, आहात का?

पानफूल
आहे! सासूबाई शंभर टक्के बरोबर! घाफ म्हणजे प्रोसोपिस सिनेरेरिया, म्हणजेच शमी. आपल्याकडे काही भागांत सौंदड म्हणतात, राजस्थानात खेजडी, पंजाब-मुलतानकडे जंड. एकच झाड. २००८ पासून अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे ते. मुळं पाण्याच्या शोधात खूप खोल जातात, म्हणून भर वाळूत हिरवं राहतं.

मी एवढं ओरिक्सपुराण लावलं आणि हे सांगायचं राहिलं, याची लाज वाटतेय.

निवृत्त_नाना
खेजडी राजस्थानचाही राज्यवृक्ष आहे. समला जाताना वाटेत शेकडो दिसतात. मी आधीच सांगितलं होतं.

उंटावरचा_शहाणा
नाना, तुम्ही उंटांचं सांगितलं होतं.

चहाबाज
पांडवांची शस्त्रं मिळाली का झाडावर?

कोथरूडची_सून
@चहाबाज, सासूबाईंनी तेही बघितलं. म्हणाल्या, मिळाली असती तरी विमानात नेऊ दिली नसती.

पुढचं थोडक्यात. तंबू जत्राच होती आणि मजा आली, ताई_माई_अक्का जिंकल्या. बेली डान्स सुरू झाला तेव्हा सासूबाई शाल घट्ट लपेटून म्हणाल्या, "हिला थंडी नाही वाजत?" तनूराच्या वेळी टाळ्या. गावा त्यांना काढा वाटला. कप हलवायचं मी सांगायला विसरले आणि त्या "बास, बास" म्हणत राहिल्या. चार कप झाले. रात्री दोनपर्यंत जाग्या होत्या, दिरांना पांडवांची गोष्ट पहिल्यापासून सांगत.

गाडी लेकाला लागली नाही. नवऱ्याला लागली. आवळा सुपारी माझ्या पर्समध्ये होती आणि पर्स शमीखाली.

मुक्काम_पोस्ट
चालकाचा नंबर माझ्या विपूत (विचारपुशीत) टाका. बायको पुन्हा चला म्हणतेय.

ताई_माई_अक्का
हिला थंडी नाही वाजत, हा या वर्षीचा सर्वोत्तम प्रतिसाद.

नवा_सदस्य_जळगाव
नमस्कार, आम्ही पण जानेवारीत जातोय. व्हिसाला पासपोर्ट किती महिने शिल्लक लागतो?

करामा_ते_कुर्ला
सहा. पण वेगळा धागा काढा.